आठ बोटांचा जावई

बाओजूनं यंत्राच्या मागच्या पट्टीवर खाऊचं हिरवं पाकीट चिकटवलं, तळव्यानं दाबलं आणि एक पाऊल मागे येऊन ते सरळ बसलंय का ते पाहिलं. काचेच्या अलीकडून जिनयिंग ते सगळं बघत होती. या प्रयोगशाळेत तिला बावीस वर्षं झाली होती. तिच्या टेबलावर कुणी कधी शेंगदाणासुद्धा ठेवला नव्हता.

"जावयाचं जेवण झालं का?" तिनं दारातून विचारलं.

"त्याला भूक नसते," बाओजू म्हणाली. "फक्त मान लागतो."

"मग जावईच तो."

बाओजू हसली. जिनयिंगला ते हसणंही खुपलं. पूर्वी असा टोमणा मारला की बाओजूचा चेहरा पडायचा. आता तिला टोमणे लागत नव्हते.

यंत्र गुण्यागोविंदानं चालावं म्हणून त्यावर ते पाकीट ठेवायचं, ही तैवानातल्या सगळ्या ताइनान शहराची रीत. पाकिटावरचं नावच मुळी 'शहाणं बाळ' अशा अर्थाचं. रंग हिरवाच हवा. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, लाल ठेवलं तर बंद पडतं. तारीख उलटलेलं चालत नाही, फोडलेलं चालत नाही. प्रयोगशाळेत खायची वस्तू आणायला सक्त मनाई होती, पण हा खाऊ माणसाचा नव्हता, यंत्राचा होता. त्यामुळे मुख्य असलेले यान साहेबही त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत.

यंत्राला सगळे आठबोट्या म्हणत. त्याच्या आडव्या हाताला खाली आठ नळ्या होत्या. त्या एकदम उतरत, एकदम द्रव ओढून घेत आणि शहाण्णव खळग्यांच्या थाळीत रांगेनं सोडत जात. साडेतीन तासांत एक थाळी. ना चहा, ना खोकला, ना मान अवघडणं. त्याची खोली थंडगार, आत जाताना चपला बदलायच्या. जिनयिंगच्या टेबलावरचा पंखा दोन उन्हाळे बंद होता.

हातानं करायचं काम तेच होतं. छीगूच्या बाजूला हेकरू माशांची तळी आहेत. मासे मरायला लागले की तळेवाले धावत येतात. मेलेल्या माशातला जिवाणू पोषक थरावर वाढवला की त्याचा दाण्याएवढा ठिपका होतो. तो ठिपका टोकानं उचलायचा, जिवाणू फोडायचा, त्यातला डीएनए धुऊन वेगळा काढायचा, त्याचा ठरलेला तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवायचा आणि मग त्याचा क्रम वाचून जिवाणूचं नाव सांगायचं. नाव कळलं की औषध कळतं. एका नमुन्याला पिपेटचा, म्हणजे द्रव मोजून ओढायच्या नळीचा, खटका अंगठ्यानं एकतीस वेळा दाबावा लागतो. जिनयिंगनं मोजलं होतं. दिवसाला चोवीस नमुने म्हणजे सातशे चव्वेचाळीस वेळा. दर वेळी दोन टप्प्यांत, पहिल्याला थांबून, बुडबुडा न येऊ देता. कधी कधी द्रव इतका थोडा असतो की एका थेंबाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक.

तो हात तिला आईकडून मिळाला होता. जिनयिंग तुंगशीची. समुद्रकाठचं गाव, प्रत्येक दारापुढे कालवांचा ढीग. सातव्या वर्षी तिच्या हातात आखूड सुरी आली. शिंपल्याच्या बिजागरीत टोक घालायचं आणि मनगट एकदाच वळवायचं. आतल्या मांसाला ओरखडा आला की पाणी सुटतं. तसलं कालव टोपलीत जात नाही, घरच्या कढईत जातं. "आज घरी कालवं फार शिजली," आई जेवताना एवढंच म्हणायची आणि पोरींच्या माना खाली जायच्या. पुढे नऊ वर्षं जिनयिंगनं कारखान्यात कोळंबी सोलली. मग इथं बाटल्या धुवायला लागली. एकदा टेबलावरची मुलगी बाळंतपणाला गेली, तिच्या जागी चार दिवस बसवलं. चौथ्या दिवशी यान साहेब मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर तिनं बाटली धुतली नाही.

बाओजू तिच्याच महिन्यात लागलेली. दोघी शेजारी बसत. बाओजूचा हात वाईट. थेंब भिंतीला लागायचा, बुडबुडा यायचा, दुपारनंतर बोटं थरथरायची. ती जिनयिंगला नळ्या पुढे करायची, झाकणं लावायची, वहीत आकडे लिहायची. पाहुणे आले की यान साहेब त्यांना जिनयिंगच्या मागे आणून उभे करत. "हिचा हात चुकत नाही," ते म्हणत. पाहुणे माना डोलावत. बाओजू टोपल्या उचलून बाजूला होई.

यंत्र भाड्यानं यायचं ठरलं तेव्हा ताइपेला दहा दिवस शिकायला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला. जिचा हात दहा दिवस नसला तरी काम अडणार नाही अशी एकच होती. बाओजूला पाठवलं. टाकाऊ म्हणून गेली आणि डोक्यावर मुकुट घालून परत आली. आता पाहुणे काचेसमोर उभे राहत. यंत्र पाठवणाऱ्या कंपनीनं तिला छातीवर नाव विणलेलं जाकीट दिलं. शरदाच्या पौर्णिमेला तिच्या नावानं सणाच्या गोड वड्यांचा डबा आला. नवी मुलं तिला 'बाई' म्हणायला लागली. बाओजू बाई, हे कसं करायचं? बाओजू बाई, ते बघता का? जिनयिंग मात्र 'ताई'च राहिली. ताई कुणालाही म्हणतात. डबा आणून देणारीलाही म्हणतात.

यंत्राची चाचणी तीन महिन्यांची होती. या काळात एकही थाळी वाया गेली नाही तर यंत्र विकत घ्यायचं, आणि जिनयिंगचं टेबल काढून तिथं दुसरं यंत्र बसवायचं. मग जिनयिंगनं पुढच्या खिडकीवर बसून येणाऱ्या नमुन्यांना स्टिकर लावायचे. एक जरी थाळी वाया गेली तर यंत्र परत जाणार, बाओजू खिडकीवर बसणार, आणि टेबल जिथल्या तिथं राहणार. हे यान साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. निकाल शुक्रवारी होता. आज बुधवार होता. यंत्रानं अजून एक थेंबही सांडला नव्हता.

"जिनयिंगताई," गाडीतून नमुने आणणारा फांगदादा म्हणाला, "खिडकीवर बरं असतं हो. येणारे-जाणारे दिसतात. वर पंखा आहे. तुला आणखी काय हवं?"

"तुझी जीभ थोडी आखूड हवी."

"ती लागते मला. तळेवाल्यांशी बोलायचं असतं." त्यानं नमुन्यांचा खोका टेबलावर ठेवला. ठेवला आणि पुन्हा उचलला. "अरे हो, हे आता बाईंकडे द्यायचं असतं, नाही का?"

तो खोका घेऊन काचेकडे गेला. जिनयिंगनं पिपेट स्टँडला अडकवली. त्या दिवशी तिच्याकडे सहा नमुने होते. यंत्राकडे शहाण्णव होते.

साडेबाराला दिवे मालवले गेले. जेवणानंतरचा तासभर सगळी प्रयोगशाळा झोपते. कुणी छोटी उशी टेबलावर ठेवून त्यावर गाल टेकतो, कुणी खुर्ची मागे टाकतो. बाओजू वरच्या मजल्यावर झोपायची, तिथं तिची घडीची खाट होती. ती खाटही यंत्र आल्यानंतरची.

जिनयिंगला झोप येईना. तिच्या पिशवीत खाऊचं एक पाकीट पडलेलं होतं. सातव्या महिन्यात भुकेल्या आत्म्यांसाठी प्रयोगशाळेच्या दारात टेबलं मांडली होती, फळं, बिस्किटं, खाऊ, सगळं. उदबत्त्या विझल्यावर ते सगळ्यांत वाटलं गेलं. जिनयिंगच्या वाट्याला पिवळं पाकीट आलं होतं. हिरवी सगळी बाओजूनं यंत्रासाठी काढून ठेवली होती.

ती उठली. चपला हातात घेतल्या. यंत्राच्या खोलीत थाळी भरून तयार होती, दीडला बटण दाबलं की सुरू. तिनं हात वर करून हिरवं पाकीट सोललं आणि त्याच जुन्या चिकटपट्टीवर पिवळं टेकवलं. एका हातानं, घाईत. दाबून पाहिलं नाही. हातानं केलं आणि तपासलं नाही असं काम तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं.

तिचा हिशेब साधा होता. जावई रुसेल. लाल दिवा लागेल, तासभर अडून बसेल, साहेबांसमोर बाओजूचं नाक कापलं जाईल. तेवढंच. खरं तर तेवढंही होईल असं तिला वाटत नव्हतं. पण तिथं, त्या थंड खोलीत, बाओजूच्या हिरव्या पाकिटाच्या जागी आपलं पाकीट बसलेलं पाहून तिला फार बरं वाटलं. मग ती टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी काचेपलीकडून आवाज आला. फुगा फुटावा तसा, आणि मागोमाग यंत्राची शिट्टी.

सगळे धावले. यंत्राचा हात मागच्या पट्टीपर्यंत जाऊन थडकून परत येई, त्या हादऱ्यानं पाकीट सुटलं होतं आणि घसरत थेट थाळीवर आलं होतं. वरून आठही बोटं उतरली आणि पाकिटातून आरपार गेली. मक्याचे पिवळे कुरमुरीत तुकडे शहाण्णवही खळग्यांवर पसरले होते. काही द्रवात तरंगत होते. खोलीभर मसाल्याचा वास सुटला होता.

"जावयानं शेवटी खाल्लं बुवा!" फांगदादा म्हणाला. दोघं हसले आणि लगेच गप्प झाले.

यान साहेबांनी पाकिटाचा तुकडा चिमटीत धरला. "पिवळं?" ते म्हणाले. "पिवळं कुणी ठेवलं?"

 सगळ्यांनी बाओजूकडे पाहिलं. बाओजू त्या तुकड्याकडे पाहत होती. तिचे ओठ एकदा हलले, मग मिटले.

"यंत्र माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "सुरू करण्याआधी वर बघायचं काम माझं. मी बघितलं नाही."

जिनयिंग दाराशी उभी होती. बोलायला तोंड उघडायचं होतं तर तीच वेळ होती. पण साहेब तिच्याकडे वळले होते.

"थाळी गेली," ते म्हणाले. "प्रत्येक मूळ ठिपक्याचा अर्धा भाग शिल्लक आहे. तळेवाल्यांना शुक्रवारी सकाळी नावं सांगितली नाहीत तर उरलेले मासेही जातील. हातानं शहाण्णव, उद्या संध्याकाळपर्यंत. जमेल?"

"चारपर्यंत," जिनयिंग म्हणाली.

तिच्या अंगावरून गोड शहारा गेला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा सगळे तिच्याकडे बघत होते.

बुधवारी रात्री नऊ वाजेपर्यंत चाळीस झाले. गुरुवारी सकाळी सहाला पुन्हा बसायचं ठरलं. ती आली तेव्हा बाओजू आधीच तिच्या डाव्या बाजूला बसलेली होती. नळ्या क्रमानं मांडलेल्या, झाकणं उघडलेली, पिपेटला लावायच्या टोकांचे खोके भरलेले. यंत्रावर काम करताना ती जाकीट घालायची. आज जुना पांढरा अंगरखा होता, बाहीवर शाईचा डाग असलेला.

"जावयाला बरं नाही वाटतं," जिनयिंग म्हणाली.

"तू तुझं बघ."

छप्पन्न नमुने. एकतीस वेळा प्रत्येकी. जिनयिंगनं बोलणं बंद केलं. हाताला लय आली की बोलायचं नसतं. उचल, बुडव, थांब, सोड. टोक फेकून दे, नवं घे. आठ वाजता अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. नऊ वाजता ती कोपरापर्यंत आली आणि तिथं थांबली, म्हणजे आता वाढणार नव्हती. ही कळ तिच्या ओळखीची होती. यंत्राला ही कळ कधी कळणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला यंत्राचा हेवा वाटण्याऐवजी पहिल्यांदा कीव आली. दाराशी दोन नवी मुलं येऊन उभी राहिली. "बघा," यान साहेब त्यांना हळू आवाजात म्हणाले, "असा हात पुन्हा बघायला मिळणार नाही." तिनं ऐकलं. मान वळवली नाही. पाठ आणखी ताठ केली.

साठ झाले. सत्तर झाले. सत्त्याहत्तराव्याला तिनं उचललेल्या टोकात द्रव होता, ते खाली उतरत होतं, आणि डावीकडून बाओजूचा हात आला. दोन नळ्यांची जागा तिनं बदलली. झर्रकन, आवाज न करता, जशी ताटातली माशी हाकलावी.

"काय केलंस?"

"सत्त्याहत्तर आधी."

"सत्त्याहत्तरच होती."

"अठ्ठ्याहत्तर होती. चालव हात, अंगठा गार पडेल."

जिनयिंगनं बाजूला सरकवलेल्या नळीच्या झाकणावरचा आकडा पाहिला. मग चष्मा नाकावर खाली ओढून पुन्हा पाहिला. अठ्ठ्याहत्तरच. तिनं हात चालवला. पण आता तिचं अर्धं लक्ष डावीकडे होतं. त्या डाव्या हातानं पुन्हा काही केलं नाही. करण्याची गरज पडली नाही. चारला वीस मिनिटं कमी असताना शहाण्णवावं झाकण बंद झालं. पुढचं वाढवण्याचं आणि क्रम वाचण्याचं काम दुसऱ्या खोलीत रात्रभर आपोआप चालणार होतं. लोक आत आले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तिचा खांदा दाबला. बाओजू रिकामे खोके गोळा करून गेली.

सगळे गेल्यावर जिनयिंगनं खालच्या कपाटातून जुन्या वह्या काढल्या. त्या बाओजूनंच लिहिलेल्या. समासात कुठं कुठं पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. हे ठिपके तिनं शेकडो वेळा पाहिले होते. हिला हात स्वस्थ ठेवता येत नाही म्हणून काढते, असं तिला वाटायचं. आज तिनं ठिपक्याशेजारची ओळ वाचली. दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये उलटसुलट बाण, इतका फिकट की बोटानं पुसला जावा. पुढच्या ठिपक्याशेजारीही तेच. प्रत्येक ठिकाणी जिनयिंगची चूक होती, आणि ती नमुना पुढे जाण्याआधी दुरुस्त झाली होती.

तिनं मोजलं. गेल्या वर्षी अकरा. त्याच्या आधी नऊ. नवरा अंथरुणाला खिळला होता त्या वर्षी सव्वीस.

वर्षाला सहा हजार नमुने, त्यात अकरा. अकरा म्हणजे फार नव्हे. कुठल्याही चांगल्या हाताला अकरा माफ असतात. पण ती बावीस वर्षं लोकांना शून्य सांगत आली होती.

तिला रडू आलं नाही. तिला राग आला. हिचा हात वाईट, असं सगळे म्हणत आले आणि ही ऐकून घेत आली. एका शब्दानं माझं तोंड बंद करता आलं असतं, रोज करता आलं असतं, आणि हिनं केलं नाही. एवढं मोठं मन ठेवायला हिच्यात जागा कुठून आली? हात माझा, पण त्याचं नाव हिनं राखलं. म्हणजे तेही पुरतं माझं नाही. वही तिनं कपाटात आदळली. मग पुन्हा काढून सरळ ठेवली.

शुक्रवारी सकाळी नावं आली. शहाण्णवपैकी शहाण्णव स्पष्ट. फोन लावले गेले, तळेवाले औषधं आणायला निघाले. दहा वाजता यान साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

जिनयिंग नीट आवरून आली होती. आज तिचं कौतुक होणार होतं आणि झालंही. साहेब तिच्या हाताबद्दल बराच वेळ बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना त्यांच्या नजरा कोपऱ्यात बसलेल्या बाओजूकडे जात होत्या. तिच्यापुढे कुणीतरी सोयाबीनचं गरम दूध आणून ठेवलं होतं. नव्या मुलांपैकी एक तिच्या शेजारी अगदी खेटून बसला होता, आजारी माणसाजवळ बसतात तसा.

"बाओजू बाई, मन लहान करू नका," फांगदादा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. "चूक कुणाच्या हातून होत नाही?"

"ठरल्याप्रमाणे," यान साहेब टेबलाकडे पाहत म्हणाले, "एक थाळी वाया गेली. यंत्र परत जाईल. बाओजू, तुम्हाला खिडकीवर..."

"हो," बाओजू म्हणाली. "चूक माझी आहे. कबूल."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, मान इतकी सरळ ठेवून, की दोन बायकांनी डोळे पुसले.  जिनयिंगनं ते सगळं पाहिलं. गरम दूध पाहिलं. ते दूधही तिला खुपलं. पाकीट मी बदललं. हात मी उचलला. धाडस माझं, वाईटपणा माझा. आणि आता माझी चूकसुद्धा हिलाच मिळाली, आणि त्या चुकीवरही हिनं मान मिळवला.

"पाकीट मी बदललं," ती म्हणाली.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"बुधवारी, झोपेच्या तासात. हिरवं माझ्या खणात आहे. पिवळं माझ्या वाटणीचं होतं. नीट दाबून चिकटवलं नाही, ती माझी चूक."

"आणि बदललंस ते?"

"ते मुद्दाम."

 यान साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही.

"का?"

"मला बघवत नव्हतं," जिनयिंग म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती खाली बसली.

बाओजूनं तिच्याकडे पाहिलं नाही. दुधाचा पेला तिनं शेजारच्या मुलाकडे सरकवला आणि ती उठून बाहेर गेली.

चाचणी आठवडाभर वाढवली. त्या आठवड्यात यंत्रानं काही सांडलं नाही. ते राहिलं. जिनयिंगला कामावरून काढावं असं दोघंतिघं म्हणाले. यान साहेब म्हणाले, दीड दिवसात शहाण्णव नमुने हातानं काढणाऱ्या बाईला मी काढणार नाही, पण यंत्राच्या खोलीत तिनं पाऊल ठेवायचं नाही. टेबल सोमवारी काढायचं होतं. माणसं आली तेव्हा तिनं त्यांना थांबवलं, पाना मागून घेतला आणि चारही पाय स्वतः मोकळे केले. त्यांनी केले असते तर वरच्या फळीला ओरखडे आले असते.

खिडकीवर पंखा होता. येणारे-जाणारे दिसत होते. काम सोपं होतं. नळी घ्यायची, रेघारेघांचा स्टिकर लावायचा, रांगेत ठेवायची. सोपं काम लवकर अंगावर येतं. दिवस संपता संपत नव्हता. बाओजू दिवसातून चार वेळा त्या रांगा न्यायला यायची. रांग उचलायची आणि जायची. अकरा दिवस ती एक शब्द बोलली नाही. जिनयिंगनंही बोलावलं नाही. फक्त ती गेली की तिच्या पाठीकडे, जाकिटाकडे बघत राहायची. पोटात दुखायचं ते थांबलं नव्हतं. आता ते सगळ्यांना माहीत होतं, एवढाच फरक.

बाराव्या दिवशी बाओजू एक नळी घेऊन परत आली आणि तिनं ती खिडकीच्या फळीवर टक्कन ठेवली.

"हा वाकडा आहे."

जिनयिंगनं पाहिलं. "केसभर."

"तुला केसभर. यंत्राला वाचता येत नाही. पुन्हा लाव."

जिनयिंगनं स्टिकर नखानं सोलला. सोलता सोलता, वर न बघता तिनं विचारलं, "वहीतल्या ठिपक्यांचं बावीस वर्षं का नाही बोललीस?"

बाओजूनं खिडकीच्या फळीवर कोपर टेकवलं. "बोलले असते तर तुझा हात अडखळला असता," ती म्हणाली. "मग उरलेलं काम माझ्या गळ्यात. माझा अंगठा दुखतो."

"एवढंच?"

"नाही." बाओजूनं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मजा यायची. पाहुणे यायचे, साहेब म्हणायचे, हिचा हात चुकत नाही. तू अशी मान ताठ करायचीस. आणि खरं काय ते मला एकटीला माहीत असायचं. तेवढ्यावर माझा दिवस जायचा."

जिनयिंगनं मान वर केली. बाओजूच्या त्या थोर मनाखाली ती किती दिवस दबून राहिली होती ते तिला आत्ता, ते बाजूला झाल्यावर कळलं.

"म्हणजे तूही हलकटच," ती म्हणाली.

"आहेच. पण मी यंत्राच्या थाळीत मक्याचा खाऊ टाकला नाही." बाओजूनं बोटानं नळीवर टकटक केलं. "लाव आता. पलीकडे पंच्याण्णव थांबलेत."

जिनयिंगनं नवा स्टिकर काढला. चष्मा नाकावर खाली ओढला, नळी फळीच्या कडेला टेकवून पक्की धरली आणि श्वास रोखून स्टिकर मधून कडेकडे दाबत नेला. बाओजू हात बांधून उभी राहून बघत होती. बघू दे, असं जिनयिंगला वाटलं, आणि तिनं अंगठा शेवटच्या टोकापर्यंत नेला.